टर्बो बसवलेल्या गाडीला स्पार्क प्लग आणि प्लग वायरी कोणत्या घ्याव्यात?

तिसरा_गियर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनवाली. त्यावर टर्बो बसवून घेतलाय. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) फार नाही, ०.५ बारच्या आसपास. ट्यूनिंग नीट झालंय, इंजिनाच्या नोंदींत (लॉगमध्ये) हवा-पेट्रोलचं मिश्रण आणि ठिणगीचं टायमिंग दोन्ही ठीक दिसतात. हळू चालवली तर तक्रार नाही. पण चौथ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की बूस्ट भरला रे भरला आणि गाडी मिसिंग करायला लागते. खडखडखड असे बारीक झटके बसतात. पाय थोडा उचलला की लगेच सुरळीत.

सध्या एनजीकेचे बीकेआर६ई-११ प्लग आहेत, टर्बोच्या आधीपासूनचेच. वायरी गाडी घेतली तेव्हापासून त्याच आहेत, किती जुन्या ते ठाऊक नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं. प्लग साधे घ्यावेत की इरिडियम? सगळे म्हणतात "एक पायरी थंड घे", म्हणजे नेमकं काय आणि ते कशावरून ठरवायचं? आणि १० मिमी जाडीच्या रंगीत वायरी मिळतात त्यांनी खरंच काही फरक पडतो का?

सहा_हजार_आरपीएम

इरिडियम टाका आणि विसरून जा. मी कायम तेच वापरतो, त्रास नाही.

आटे_आणि_वायसर

विसरून जाता येणार नाही, कारण धातू हा इथला शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हीट रेंजचा (प्लग टोकातली उष्णता किती लवकर सोडतो), दुसरा गॅपचा (ठिणगी ओलांडते ते दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर). हे दोन बरोबर असतील तर साधा निकेलचा प्लगही हे इंजिन उत्तम चालवील, आणि चुकले तर महागातला इरिडियमही मिसिंग करेल. थोडं सविस्तर लिहितो.

प्लगचं टोक इंजिन चालू असताना साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर साठत जाते आणि त्या काजळीवाटे करंट निसटतो. ठिणगी कमजोर पडते किंवा पडतच नाही. पट्ट्याच्या वर गेलं तर ते टोकच निखारा बनतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात आणि बूस्टवर चालणाऱ्या इंजिनाचा पिस्टन त्यात पाहता पाहता वितळतो. म्हणून टर्बोवाल्यांना काजळीपेक्षा या दुसऱ्या टोकाची भीती जास्त असते, आणि असायलाच हवी.

"थंड" प्लग म्हणजे टोकातली उष्णता हेडकडे (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) लवकर पोचवणारा प्लग. हातात घेऊन आतमध्ये डोकावलंत तर दिसेल: थंड प्लगमध्ये मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं नाक आखूड असतं, धातूच्या कवचाला लवकर चिकटलेलं. गरम प्लगमध्ये तेच नाक लांब असतं, उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता. फरक एवढाच. ठिणगीच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही.

एक पायरी बदलली की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी उतरतं. आणि ठोकताळा असा, की मूळ ताकदीवर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढले की एक पायरी थंड. तुमचं इंजिन मुळात ११५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, ०.५ बारवर फार तर साठ-सत्तर वाढले असतील. म्हणजे ६ वरून ७. त्यापुढे ८ घेऊ नका. शहरात हळू चालवताना काळे पडतील.

आकड्यांबाबत एक सांगून ठेवतो, कारण इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. एका कंपनीचा आकडा घेऊन दुसऱ्या कंपनीचा प्लग मागू नका, तक्ता बघूनच घ्या.

तिसरा_गियर

हे फारच उलगडून सांगितलंत, आभार. म्हणजे बीकेआर७ई घेऊ? त्या बीकेआर वगैरे अक्षरांचा अर्थ काय असतो? आणि मिसिंगचं कारण हीट रेंजच आहे का?

आटे_आणि_वायसर

अक्षरं: बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा षटकोन (प्लग पाना त्याच मापाचा लागतो), आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, मग हीट रेंजचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटी -११ असेल तर गॅप १.१ मिमी. आट्यांच्या लांबीत तडजोड नाही. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्वला भिडू शकतो, आखूड घातला तर हेडमधल्या उघड्या आट्यांवर कार्बन बसतो आणि पुढे बरोबर मापाचा प्लग जाताना ते आटे फाडतो.

मिसिंगचं कारण मात्र हीट रेंज नाही, गॅप आहे. निदान माझा पहिला संशय तोच. हीट रेंज चुकल्याचं लक्षण वेगळं असतं, ते मिसिंग आधी आणि नुकसान नंतर अशा क्रमाने येत नाही.

काळी_ठिणगी

गॅपबद्दल मी लिहिते, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे.

दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागतं, ते वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हे मांडलं आणि प्लगच्या बाबतीत ते आजही तितकंच लागू आहे. (तापमानाचाही हात असतो, पण इथे तो बाजूला ठेवू.)

आता तुमच्या गाडीचा हिशोब करा. टर्बो नसताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिनात हवा जाते ती वातावरणाच्या दाबाने, म्हणजे ढोबळमानाने १ बार. गॅप १.१ मिमी. गुणाकार १.१. आता ०.५ बार बूस्ट, म्हणजे एकूण १.५ बार. गॅप तीच ठेवली तर गुणाकार १.६५ झाला. ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल तीच, जुनी, आणि तिच्याकडून दीडपट व्होल्टेज मागितलं जातंय. ते तिला जमेनासं झालं की ठिणगी पडत नाही, किंवा वायरीच्या एखाद्या कमकुवत जागेतून बाहेर पळते. तुमचं "बूस्ट भरला रे भरला" आणि "पाय उचलला की सुरळीत" हे वर्णन याच्याशी अगदी तंतोतंत जुळतं.

गॅप ०.७५ मिमी केली तर गुणाकार १.१२ येतो, म्हणजे कॉइल पुन्हा तिच्या ओळखीच्या मुलखात. टर्बोच्या गाड्यांना ०.६ ते ०.८ मिमी गॅप सांगतात ती याचसाठी. त्याहून कमी करायचा मोह टाळा. ठिणगी फार आखूड झाली की पेटणारा गोळाही छोटा, आणि आयडलला (गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना) इंजिन थरथरतं. काम भागेल एवढी मोठी गॅप ठेवावी, नियम एवढाच.

म्हणून माझा सल्ला: नवीन काही विकत घेण्याआधी आहे तेच प्लग काढा, गॅप ०.७५ करा, आणि त्याच रस्त्यावर त्याच गियरमध्ये बघा. मिसिंग गेलं तर उत्तर मिळालं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

शांत_इंजिन

+१. शिवाय प्लग काढलेच आहेत तर फेकण्याआधी नीट बघा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ओळीत मांडा.

फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी मऊ काजळी म्हणजे मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) आहे किंवा प्लग जास्त थंड. ओलसर, चकाकता काळा थर म्हणजे तेल जळतंय, त्याला प्लग बदलून उपाय नाही. नाक पांढरंफटक, खरबरीत, फोड आल्यासारखं दिसलं तर गरम चाललंय. आणि पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चंदेरी किंवा मिरीसारखे काळे ठिपके दिसले तर गाडी त्याच क्षणी बंद ठेवा. चंदेरी ठिपके पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, डिटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) होऊन उडालेले. त्यावर प्लगची चर्चा करायची नसते, टायमिंग आणि मिश्रण बघायचं असतं.

हीट रेंज बरोबर आहे का हे बाहेरच्या इलेक्ट्रोडवरून कळतं, नाकाच्या रंगावरून नाही. ती वाकडी पट्टी नीट उजेडात धरा. जोरात चालवल्यावर तिच्यावर एक जागा दिसते जिथे रंग बदलतो. ती रेघ पट्टीच्या वळणापाशी असेल तर छान. टोकाकडे असेल तर प्लग थंड आहे. जिथे पट्टी कवचाला जोडलीय तिथपर्यंत खाली सरकली असेल तर प्लग गरम आहे, एक पायरी उतरा. हे वाचन जोर लावून लगेच इंजिन बंद केल्यावरच खरं असतं, घरापर्यंत आरामात आणून मग बघितलं तर आयडलचा रंग दिसतो. आणि असला जोर ट्रॅकवरच लावा.

अजून एक. चिनी मातीच्या वरच्या भागावर, धातूच्या कवचाला लागून, तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. अनेकांना वाटतं प्लगमधून गॅस गळतोय. ते कोरोना डाग आहेत: उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. प्लगला काही झालेलं नसतं.

तिसरा_गियर

प्लग काढले. चारही फिकट तपकिरी, एकसारखे, ठिपके नाहीत. रंगाची रेघ वळणाच्या थोडी खाली वाटतेय, म्हणजे ७ वर जायला हरकत नाही असं दिसतं. गॅप मोजली तर १.१ च्या वरच निघाली, झिजून वाढली असणार. बाहेरची पट्टी हळूच ठोकून ०.७५ केली आणि परत बसवले.

फरक खूप पडला. पण पूर्ण गेलं नाही. आता फक्त वरच्या आरपीएमला कधीतरी एखादा झटका येतो.

सहा_हजार_आरपीएम

आता वायरी. १० मिमीच्या घ्या, जाड वायर म्हणजे जास्त करंट.

काळी_ठिणगी

हे पटत नाही, आणि नीट सांगायला हवं, कारण या समजुतीवर लोक बराच पैसा घालतात.

वायरीची जाडी ही इन्सुलेशनची जाडी आहे. मधला वाहक ७ मिमीच्या वायरीतही बारीक असतो आणि १० मिमीच्या वायरीतही बारीकच. जाड सिलिकॉनचा फायदा एवढाच, की ठिणगी बाहेर फुटायला अवघड जातं आणि उष्णता जरा जास्त सोसते. चांगल्या सिलिकॉनची ८ किंवा ८.५ मिमीची वायर अशा इंजिनाला पुरून उरते. १० मिमीची वायर क्लिपांमध्ये बसत नाही, मग ती मोकळी लोंबते आणि कुठेतरी गरम लोखंडाला टेकते. म्हणजे जाडीने मिळालेलं सगळं तिथे गेलं.

रेझिस्टन्सचंही तसंच. कार्बन कोरच्या वायरींचा रेझिस्टन्स मीटरमागे १० ते २० किलोओहम असतो, आणि जाहिराती सांगतात की तो कमी केला की ताकद वाढते. पण ठिणगी पडायच्या आधी वायरीतून करंट जवळपास वाहतच नाही. करंट नाही तर रेझिस्टन्सवर व्होल्टेज कुठून खर्ची पडणार? गॅप ओलांडायला लागणारं व्होल्टेज प्लगपर्यंत पूर्ण पोचतं. ठिणगी पडल्यावर करंट वाहतो तेव्हा थोडी ऊर्जा वायरीत जाते हे खरं, पण धडधाकट वायर बदलून हॉर्सपॉवर वाढत नाहीत. वाढल्यासारखे वाटतात ते जुनी वायर मरणपंथाला लागलेली असते म्हणून.

उलट रेझिस्टन्स अजिबात नसलेल्या तांब्याच्या तारेच्या वायरी तुमच्या गाडीत घालूच नका. प्रत्येक ठिणगीबरोबर त्या रेडिओ लहरींचा गोंगाट करतात. एमएक्स-५ च्या या इंजिनात कॉइल आणि कॅम अँगल सेन्सर दोन्ही हेडच्या मागच्या टोकाला, एकमेकांच्या शेजारी आहेत. हा सेन्सर इंजिन कुठल्या स्थितीत आहे ते ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) सांगतो. त्याच्या सिग्नलमध्ये हा गोंगाट शिरला की ईसीयूला भलतेच ठोके ऐकू येतात, आरपीएमचा काटा उड्या मारतो आणि मिसिंग सुरू होतं. म्हणजे ज्या रोगासाठी औषध घेतलं तोच रोग. याच कारणाने प्लगच्या नावातलं ते आर सोडू नका.

घ्यायचीच तर स्पायरल कोरची वायर घ्या. त्यात बारीक तार गाभ्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. रेझिस्टन्स कमी, पण गोंगाट दाबला जातो, आणि कार्बनसारखी ती आतून तुटत जात नाही.

आटे_आणि_वायसर

अनुमोदन. आणि घेण्याआधी आहेत त्या तपासा. मल्टिमीटर किलोओहमवर लावून प्रत्येक वायर मोजा. लांब वायरीचा आकडा जास्त आणि आखूड वायरीचा कमी, हे योग्यच. लांबीच्या मानाने एखादीच वायर फार वर गेलेली दिसली तर तीच चोर. मोजताना वायर हलकेच वाकवून बघा; आकडा नाचला तर आतला कार्बन तुटलाय.

मग बूट (वायरीच्या टोकाची, प्लगवर बसणारी रबरी टोपी) उलटा करून आत टॉर्च मारा. रबराच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली तर तिथून ठिणगी बाहेर पळत होती. तशीच रेघ प्लगच्या चिनी मातीवरही सापडते, उभी, राखाडी. अशी जोडी सापडली तर दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनी रेघ नव्या वस्तूवर पुन्हा वाट पाडते.

एक लक्षात ठेवा. तुमच्या गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल आहे: १ आणि ४ एका कॉइलवर, २ आणि ३ दुसऱ्या. एका वेळी दोन्ही प्लगवर ठिणगी पडते, एक कामाची आणि एक एक्झॉस्टमध्ये वाया जाणारी. सर्किट दोन्ही प्लगमधून पूर्ण होतं. त्यामुळे वायर एकाची खराब झाली तरी जोडीदारावरही परिणाम होतो. एका सिलिंडरवर शिक्का मारायच्या आधी जोडीही बघा.

तिसरा_गियर

मोजल्या. तीन वायरींचे आकडे लांबीच्या मानाने ठीक आहेत. तिसऱ्या सिलिंडरची वायर मात्र बाकीच्यांच्या कितीतरी पट, आणि वाकवली की मीटर सर्किट तुटल्याचं दाखवतो. बूटच्या आत तुम्ही म्हणालात तशी रेघही आहे, आणि त्या प्लगच्या विहिरीत (हेडमधल्या ज्या खोल भोकात प्लग बसतो तिथे) तळाशी थोडं तेल साठलंय.

आटे_आणि_वायसर

सापडलं मग. तेल व्हॉल्व कव्हरच्या गॅस्केटमधून येत असणार. ते बदला, नाहीतर नव्या वायरीचं रबरही फुगून मऊ पडेल. वायरींचा पूर्ण संच बदला, एकटी नको. चारही एकाच वयाच्या आहेत.

रोटरी_प्रेमी

थोडं अवांतर, पण प्लग-वायरींचाच विषय आहे म्हणून. माझी माझ्दाची आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनवाली, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेली. तिच्या प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग, आणि ते वेगवेगळे असतात: लीडिंग आरई७ए-एल, ट्रेलिंग आरई९बी-टी. म्हणजे एकाच इंजिनात ७ आणि ९ अशा दोन हीट रेंज. घाईत अदलाबदल होऊ देऊ नका. चार कॉइल, चार वायरी, आणि या इंजिनाला कमकुवत ठिणगी बिलकूल चालत नाही. न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. मी प्लगबरोबर वायरी आणि कॉइलही तपासतेच.

व्ही_आठ

आमच्याकडच्या मोठ्या इंजिनांचा अनुभव जोडतो. जुन्या शेवरोले स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. त्यात ५ आणि ७ हे शेजारी-शेजारी बसलेत आणि एकामागून एक पेटतात. या दोन वायरी लांबवर समांतर, चिकटून नेल्या तर ५ ची ठिणगी पडताना ७ च्या वायरीत व्होल्टेज उमटतं आणि ७ वेळेच्या खूप आधी पेटू शकतो. वायरी कितीही भारी असोत, हे होतंच. उपाय फुकटचा आहे: या दोन वायरींमध्ये अंतर ठेवा, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

शेवरोलेच्या नंतरच्या एलएस इंजिनांमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आणि वीतभर वायर, त्यामुळे हा प्रश्न मिटला. पण तिथे हेडर (एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्या) बूटच्या अगदी जवळ येतात. बूट भाजून कडक होतात आणि चिरतात. त्यावर उष्णतारोधक बाही चढवावी, तिचा खरा उपयोग आहे.

सहा_हजार_आरपीएम

वायरींचं पटलं. पण इरिडियमबद्दल अजून विचारतो. काहीच फायदा नसेल तर कंपन्या मुळात का देतात?

काळी_ठिणगी

फायदा आहे, आणि चांगला आहे, फक्त तो कुठे आहे ते बघा. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, निकेल १४५५ ला. त्यामुळे इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड खूप बारीक करता येतो, डेन्सोच्या काही प्लगमध्ये तर ०.४ मिमी. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये सुटते, आणि टोक झिजत नसल्याने गॅप बरीच वर्षं तशीच राहते. निकेलचा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचा तर चांगला इरिडियम लाखाच्या घरात जातो. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो तिथे मी डोळे झाकून इरिडियमच घेईन. कॉइल कमजोर आणि बूस्ट जास्त असेल तरीही.

पण धागाकर्त्यांची गाडी वेगळी आहे. प्लग वरच्या वर निघतात, आणि ट्यूनिंगचे दिवस असताना प्लग वारंवार काढून वाचायचे असतात, बदलायचेही असतात. तिथे साधा बीकेआर७ई हेच योग्य उत्तर.

शिवाय जोडीच्या कॉइलमध्ये एका प्लगवर ठिणगी मधून बाहेर जाते आणि जोडीदारावर बाहेरून मधे. म्हणजे जोडीतल्या एका प्लगची बाहेरची पट्टी जास्त झिजते. फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि पट्टी साध्या निकेलची असेल तर त्या दोन सिलिंडरमध्ये इरिडियमचं आयुष्य पूर्ण मिळत नाही. घ्यायचेच तर पट्टीवरही मौल्यवान धातूचा तुकडा असलेले घ्या.

दोन-चार बाहेरच्या पट्ट्यांचे प्लग मिळतात, त्यांचंही सांगते: ठिणगी एका वेळी एकाच पट्टीवर पडते. चार पट्ट्या म्हणजे चार ठिणग्या नव्हेत. आयुष्य वाढतं, ताकद नाही.

आणि इरिडियमची गॅप नाण्यासारख्या गोल, उतरत्या कडेच्या गेजने कधीही मोजू नका. ते गेज मधल्या टोकावर तिरपा दाब देतं, बारीक टोक तुटतं किंवा चिनी मातीला न दिसणारी चीर जाते. तारेचं गेज वापरा, आणि वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी.

तिसरा_गियर

ठरलं. बीकेआर७ई, आणि ८.५ मिमीच्या स्पायरल कोरच्या वायरी. बसवताना काय काळजी घ्यावी? हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने जरा धास्ती आहे.

शांत_इंजिन

इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लग सोडवायच्या आधी विहिरीतली घाण हवेच्या झोताने उडवा आणि ते साठलेलं तेल टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जाईल. नवे प्लग खोक्यातून काढले की गॅप मोजा, छापील आकड्यावर जाऊ नका; प्रवासात एखादा आपटलेला असतो. खाली पडलेला प्लग वापरू नका.

आटे सुरू करायला पाना घेऊ नका. प्लगच्या वरच्या टोकावर बसेल अशी रबरी नळी वीतभर कापून घ्या, प्लग तिच्यात खोचा आणि नळीनेच फिरवा. आटे सरळ लागले तर प्लग सुळसुळ आत जातो. तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते आणि प्लग थांबतो, हेडच्या आट्यांना ओरखडाही येत नाही. पान्याला हे कळत नाही, तो तिरका प्लगही रेटून बसवतो.

हाताने पूर्ण बसला की टॉर्क रेंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. रेंच नसेल तर नवीन वायसर असलेला प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. जुना, एकदा दबलेला वायसर असेल तर जेमतेम एक बारांश फेरा. ज्या गाड्यांत वायसरच नसतो आणि प्लगची बैठक निमुळती असते तिथे एक सोळांश फेराच पुरतो, तिथे अर्धा फेरा दिलात तर आटे गेलेच समजा.

व्ही_आठ

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं वंगण) लावायचं ना?

आटे_आणि_वायसर

नको. एनजीकेच्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो आणि कंपनीच ते लावू नका म्हणते. चिकट थरामुळे घर्षण कमी होतं, रेंच तोच आकडा दाखवतो पण प्लग प्रत्यक्षात बराच जास्त आवळला जातो. कवच ताणलं गेलं की प्लगची उष्णता हेडकडे जायची वाट बिघडते, आणि आपण इतका विचार करून निवडलेली हीट रेंज वाया.

तिसरा_गियर

सगळं बसवलं. व्हॉल्व कव्हरचं गॅस्केटही बदललं. नवे प्लग ०.७५ वर. आज पूर्ण बूस्टवर वरपर्यंत नेली, एकही झटका नाही. लॉगही स्वच्छ आहे. आयडल पूर्वीइतकंच शांत. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः गॅप आधी बदलून बघायला लावलंत म्हणून. नाहीतर मी सगळं एकदम बदललं असतं आणि ती तेलाची गळती तशीच राहिली असती.

एक शेवटचं: बूटमध्ये डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीस लावलंय, ते बरोबर ना? आणि पुढे बूस्ट ०.८ पर्यंत न्यायचा विचार आहे, तेव्हा काय बदलावं लागेल?

काळी_ठिणगी

ग्रीस बरोबर, पण फक्त रबराच्या आतल्या भिंतीवर आणि चिनी मातीवर, पातळ थर. धातूच्या टर्मिनलवर थापू नका, ते ग्रीस वीज वाहत नाही. बूट काढताना आधी थोडा फिरवा आणि बूटलाच धरून ओढा, वायरीला नाही. स्पायरलची तार टर्मिनलपाशीच निसटते.

०.८ बारला तोच हिशोब करा: १.८ गुणिले ०.७५ म्हणजे १.३५, पुन्हा कॉइलच्या ओळखीच्या १.१ च्या बरंच वर. गॅप ०.६ केली तर १.०८. ते आधी करून बघा. ०.६ वर आयडल बिघडलं किंवा वर मिसिंग आलं, तर मात्र प्लग-वायरींची मर्यादा संपली, ताकदवान कॉइल घ्याव्या लागतील. तेव्हा ताकदही बरीच वाढलेली असेल, म्हणून पट्टीवरची रंगाची रेघ पुन्हा बघा आणि ८ घ्यायचा की नाही ते तिच्यावरून ठरवा.